मेंढरांच्या आधी भाकरी

माझ्या बायकोनं भर दुपारी, चार माणसांदेखत माझं तोंड हुंगलं. तिथूनच सुरुवात करतो. आजार माझ्या अंगात कधी शिरला ते मला ठाऊक नाही, पण घरात शिरला तो त्या दुपारी.

मी भानुदास. लिंबागणेशच्या वरच्या अंगाला, बालाघाटाच्या डोंगरात आमची वस्ती. वय बावन्न. शिक्षण दहावी नापास, गणितात. धंदा मेंढरं. आजोबांचा तोच, आबांचा, म्हणजे वडलांचा तोच, माझाही तोच. विशीत नारायणगडावर तुळशीची माळ घातली, तेव्हापासून दारूचा थेंब नाही की मटणाचा तुकडा नाही. मेंढरं राखतो आणि मटण खात नाही म्हणून लोक आधी लई हसले, मग कंटाळून गप बसले. ती माळ म्हणजे माझी इज्जत. तिच्यावर घाव बसला म्हणून एवढं लागलं, नाहीतर पडणं-झडणं आम्हाला काही नवं नाही.

हे लिहायला लावलं डॉक्टरीणबाईंनी. त्यांनी मला वही करायला सांगितली. रोज काय खाल्लं, किती वाजता, मग कसं वाटलं, एवढंच लिहायचं. मी एवढ्यावर थांबणारा माणूस नाही. खाण्याखाली माझं रडगाणंही लिहीत गेलो. बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "काका, हे नीट लिहून काढा. तुमच्यासारखं कुणी रानात एकटं पडत असेल तर त्याला कळेल." म्हणून लिहितोय. चुकलंमाकलं तर गणितात नापास आहे हे ध्यानात ठेवा.

आबांचा नियम

आमचा दिवस उगवला की दोन कप चहा. आमच्याकडचा चहा म्हणजे मूठभर साखर आणि जराशी पत्ती. तो घेतला की कौसा, म्हणजे माझी बायको, फडक्यात भाकरी बांधून देणार. फडकं खांद्याला, काठी हातात, घोंगडी पाठीवर, आणि मेंढरं माळाला.

आता नियम असा की मेंढरांनी पाणी पिल्याशिवाय फडक्याची गाठ सोडायची नाही. आबा म्हणायचे, "मुकं जनावर तान्हेलं आसताना मालकाच्या नरड्याखाली घास उतरतोच कसा?" मेंढरं पाण्यावर येतात दुपारी दोनच्या पुढं, पाझर तलावाला. तलाव आटला तर लांबच्या विहिरीवर न्यायची, मग चार वाजायचे. आबांना मी दिवस मावळेपर्यंत बांधलेल्या भाकरीजवळ उपाशी बसलेलं बघितलंय. त्यांच्या मागं तीस वर्षं मी तो नियम पाळला. एकदाही मोडला नाही. हात थरथरले की म्हणायचो, वय झालं. घाम फुटला की म्हणायचो, ऊन लागलं.

त्यात एक पळवाट होती, तीही आबांचीच. झाडाचं फळ नियमात बसत नाही. बोरं, करवंदं, सीताफळं खाल्लेली चालतात. आमच्या डोंगरात दसऱ्या-दिवाळीला सीताफळं अशी पिकतात की झाडाखालून जाताना वासानंच पाय थांबतात. मग काय, सकाळचा गोडमिट्ट चहा आणि त्यावर आठ-दहा सीताफळं. भाकरी दोन वाजता. मी स्वतःला लई हुशार समजत होतो.

उतरवून घ्या

दिवाळीच्या आधीची गोष्ट. ऊन डोक्यावर आलं होतं. हरणी ही आमची पुढं चालणारी शेळी, तिच्या गळ्यात घंटी असते आणि मेंढरं त्या घंटीमागं जातात. हरणी माझ्यापासून दहा पावलांवर चरत होती, पण घंटीचा आवाज पलीकडच्या डोंगरावरून आल्यासारखा येऊ लागला. ओठांना मुंग्या आल्या. मला एकदम राग आला, कुणाचा ते आठवत नाही. शेरा कुत्र्याला मी दगड मारल्याचं आठवतं. त्याला मी जन्मात मारलं नव्हतं. पुढचं काही आठवत नाही.

पुढचं लोकांनी सांगितलं. मेंढरं तात्यांच्या तुरीत घुसली. तात्या म्हणजे खालच्या गावचे मोठे शेतकरी, निवडणुकीला उभे राहणारे. ते गड्यांना घेऊन पळत आले तर मी बाभळीखाली घामानं निथळत बसलेलो, आणि त्यांनाच मेंढरू समजून "हुर्र, हुर्र" करून काठीनं हाकायला लागलो. उभ्या गावात तात्यांना कुणी असं हाकललेलं नाही.

मला मोटरसायकलवर दोघांच्या मधी दाबून वस्तीवर आणलं. तात्या दारातूनच ओरडले, "कौसाबाई, उतरवून घ्या तुमचा माळकरी!"

कौसा हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आली. माझ्याकडं बघितलं, त्या माणसांकडं बघितलं. मग जवळ आली आणि माझ्या तोंडाला नाक लावून हुंगलं.

"वास न्हाई येत," ती म्हणाली.

"आजकाल बिनवासाची पन मिळती," तात्यांचा गडी म्हणाला, आणि सगळे हसले.

दारू उतरवायला लिंबू-साखरेचं पाणी देतात. तिनं तांब्याभर केलं आणि मला पाजलं. दहा-पंधरा मिनिटांत मी शुद्धीवर, उठून बसलो, सगळ्यांना नावानं ओळखायला लागलो. तात्या म्हणाले, "उतरली बगा." म्हणजे पुरावाच झाला. साखरेनं बरं वाटलं, हे कुणाच्या डोक्यात आलंच नाही. माझ्याही नाही.

मी माळेला हात लावून शपथ घेतली. कौसा भाकऱ्या थापत राहिली. नऊ दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. "पानी ठिवलंय." "वाघूर फाटलीय." वाघूर म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी. तिशी उलटलेल्या संसारात असे नऊ दिवस आले नव्हते. कुणी शिव्या दिल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

दवाखाना

दहाव्या दिवशी लोकर कातरायचं काम काढलं होतं. सकाळपासून मी अंगणात, कौसा समोर मेंढरू धरून. पोटात फक्त चहा, दोनाचे तीन कप झालेले. साडेअकराच्या सुमाराला माझ्या हातातली कातर थांबली. कौसा सांगते, मी तिच्याकडं अनोळखी बाईकडं बघावं तसं बघितलं आणि आडवा झालो. अंग गार, घामानं सदरा पिळून काढावा असा.

ती मोठ्यानं ओरडली, "सकाळधरनं हे माझ्या डोळ्यापुढं हायत! कुठं गेले न्हाईत, काय पिले न्हाईत!" तिचं हे ओरडणं मदतीसाठी नव्हतं, स्वतःसाठी होतं, असं ती नंतर म्हणाली.

माझा धाकटा भाऊ वैजनाथ टेम्पो चालवतो. त्यानं टेम्पोतच टाकून मला बीडला सरकारी दवाखान्यात नेलं. बोटाला सुई टोचली, यंत्रात थेंब घातला, आणि धावपळ सुरू झाली. शिरेतून साखरेचं औषध सोडलं. बंद पडलेली पिठाची गिरणी सुरू व्हावी तसं माझं डोकं घरघर करत सुरू झालं. पहिला आवाज कानावर आला तो कौसाचा.

"बाई, खरं सांगा. ह्यांनी घेतली न्हाई ना?"

"काय घेतली?"

"दारू."

डॉक्टरीणबाई वयानं माझ्या पोरीएवढ्या. त्या म्हणाल्या, "नाही हो मावशी. यांच्या रक्तातली साखर खूप खाली गेली होती. माणूस असाच बरळतो, झोकांड्या खातो. लोकांना वाटतं प्यालाय."

कौसा फरशीवर खाली बसली. "मी ह्यांचं तोंड हुंगलं वो, बाई. चार माणसांत हुंगलं."

मला उठून तिला धरायचं होतं, पण हाताला सलाईन. मी नुसतं "कौसा, आगं कौसा" करत राहिलो. त्या दिवसाचं मला एवढंच नीट आठवतं, आणि तेवढं पुरे आहे.

मग बाईंनी खोदून खोदून विचारलं. काय खाता, कधी खाता. मी सगळं सांगितलं, चहा, सीताफळं, आबांचा नियम, गुरुवार-एकादशीचे उपवास. त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत असं: रिकाम्या पोटी गोड पडलं की साखर एकदम वर उसळते, ती खाली आणायला शरीर जास्तीचा जोर लावतं, आणि ती गरजेपेक्षा खाली जाते. वरून दिवसभर उन्हात चालणं आणि पोटात धान्याचा कण नाही. हे नेहमीच्या शुगरच्या उलटं प्रकरण. दुसरं काही आहे का, पोटात गाठबीठ आहे का, हे बघायला मला पाच दिवस ठेवून घेतलं.

गाठ निघाली नाही. कौसानं वॉर्डातूनच नारायणगडाकडं तोंड करून हात जोडले. दिशा मात्र चुकली होती.

पाच दिवस

वॉर्डात माझ्या शेजारी घाटनांदूरचे एक किराणा दुकानदार होते, सत्तरीचे. त्यांची साखर चढलेली, माझी उतरलेली. सिस्टर बोट टोचायला आल्या की ते म्हणायचे, "मेंढपाळ, माजी जास्तीची घ्या की जरा." मी म्हणायचो, "द्या बांधून." दोघांच्या हसण्यानं वॉर्ड जागा व्हायचा. बोट कडेला टोचायचं, मधोमध नाही, म्हणजे कमी दुखतं, हे मला त्यांनी शिकवलं. घरी आल्यावर त्यांचा फोन नंबर घेतला नाही याची फार चुटपुट लागली.

पण दुपारी दोन वाजले की माझं हसणं बंद व्हायचं. आता हरणी तलावाच्या उताराला लागली असेल. आता पुढची मेंढरं गुडघे टेकून पाण्याला लागली असतील. दवाखान्याच्या खिडकीतून एक भिंत आणि लिंबाचा अर्धा शेंडा दिसायचा. तीस वर्षं मी माळाला कंटाळलो नव्हतो असं नाही, पाय दुखले की शिव्याही घातल्यात. पण त्या भिंतीकडं बघताना कुसळं टोचलेल्या धोतराचीसुद्धा आठवण यायची. मी कौसाला म्हणालो, "माजी घोंगडी आन."

तिनं आणली. सिस्टर नाकाला हात लावून म्हणाल्या, "हे काय? किती वास येतोय!"

"वासासाठीच आनलीय, सिस्टर."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "कॉटखाली ठेवा. मला दिसली नाही असं समजा." मी हात खाली सोडून तिची एक कड धरून पडायचो. देव त्या सिस्टरांचं भलं करो.

घंटी जाते

घरी सोडताना बाईंनी बजावलं, दोन-अडीच महिने एकट्यानं माळावर जायचं नाही. आधी खाणं सुधारा, मग बघू. वैजनाथ म्हणाला, "दादा, टेम्पो मालकाला सांगून आलोय. तवर मी राखतो मेंढरं." मग खाली बघून म्हणाला, "पन संक्रांतीपर्यंत. पुढं जमंना तर इकून टाकू. माजं बी काम जाईल."

त्याचं काही चुकलं नव्हतं. तरी मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं.

तेव्हापासून माझी सकाळ म्हणजे ओट्यावर बसून घंटी ऐकणं. वैजनाथ वाघूर उघडायचा, मेंढरं निघायची, धूळ उठायची. शेरा दोन पावलं त्यांच्यामागं जायचा, परत माझ्याकडं बघायचा, आणि शेवटी त्यांच्यामागंच जायचा. घंटी बांधापर्यंत ऐकू यायची, मग हिवराच्या झाडांपर्यंत, मग नाही. ती थांबली की मी उठून अंगणाच्या कडेला जाऊन उभा राहायचो. ते साखरेचं नव्हतं, बाईंनी घरी दिलेल्या यंत्रावर मी बोट टोचून बघितलंय.

आता खाणं. वहीतलं पहिल्या दिवसाचं तसंच उतरवतो. "सकाळी सात. बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, शेळीचं दूध. चहा बिनसाखरेचा. थू. दहा वाजता फुटाणे-शेंगदाणे मूठभर. बारा वाजता भाकरी, वरण, पालेभाजी. तीन वाजता ताक आणि फुटाणे. सहा वाजता परत. मी माणूस हाय का कोंबडी, दिवसभर टिपायला?"

गोड एकदम बंद नाही, पण रिकाम्या पोटी कधीच नाही. सीताफळ खायचं तर जेवणावर, एकच, तेही अर्धं कौसाला द्यायचं. हा शेवटचा नियम बाईंचा नाही, कौसाचा. उपवास बंद. एकादशी सुटली तेव्हा मी माळ हातात धरून बसलो होतो. बाई म्हणाल्या होत्या, देवाला विचारायचं तर पोटात भाकरी घालून विचारा.

आणि झटका आलाच तर उलटं. तेव्हा साखरच लागते. तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटं बसून राहायचं, बरं वाटलं नाही तर परत तेवढीच, आणि बरं वाटलं की लगेच भाकरी. माणूस शुद्धीत नसेल तर त्याच्या तोंडात काही ओतायचं नाही, सरळ दवाखाना. हे कौसानं पाठ केलंय, वैजनाथकडूनही पाठ करून घेतलंय. तात्यांच्या दिवशी तिनं मला पाणी पाजलं ते नशिबानं गळ्याखाली उतरलं, हे तिला मागाहून कळलं.

गावाला समजावणं जास्त अवघड गेलं. "साखर कमी झालीय ना, मंग रोज पेढे खा की बे!" हे मी निदान वीस माणसांकडून ऐकलं. कौसा एक दिवस तडक खालच्या गावात गेली. गिरणीवर माणसं होती, तात्या होते. तिथं ती म्हणाली, "तात्या, ह्यांना बिमारी हाय. दारू न्हाई. मी चुकले तशे तुमी बी चुकलात. मी घरात कबूल केलंय, तुमी गावात करा." दोन दिवसांनी तात्या स्वतः वस्तीवर आले. खाली मान घालून बसले. तुरीचा विषय काढला नाही. जाताना पिशवी ठेवून गेले. उघडून बघितली तर किलोभर पेढे. मी आणि कौसा कितीतरी दिवसांनी एकत्र हसलो. पेढे वैजनाथनं खाल्ले.

या आजाराची एक गंमत सांगतो, गंमत म्हणा नाहीतर सोंग म्हणा. झटका यायच्या आधी मला राग येतो. मुळात मी तापट, त्यामुळं कुणाला फरक कळेना. कौसाला कळला. मी आवाज चढवला की ती फुटाण्याची वाटी पुढं सरकवते. "आदी हे खा. मंग भांडा." अर्ध्या वेळेला वाटी संपते आणि मला आठवतच नाही मी कशावरून ओरडत होतो. उरलेल्या वेळेला मी म्हणतो, "खाल्ले फुटाने. राग हायच!" मग ती पण कंबर कसून भांडते.

डिसेंबरात एक दिवस माझा तोल सुटला. एकादशी होती. कौसा बाजाराला गेलेली. मी दहाचे फुटाणे कोनाड्यात लपवले, वहीत खाल्ले म्हणून लिहिलं, आणि मेंढरांमागं चोरून निघालो. उपाशीपोटी, आधीसारखा. नुसतं लांबून बघून येऊ म्हटलं. हिवराच्या झाडांपर्यंत पोचलो आणि घंटीचा आवाज लांब गेला. ओठांना मुंग्या. वैजनाथवर राग आला, तो लांब मेंढरांत पाठमोरा, मी आलोय हे त्याला ठाऊकही नसताना.

आणि तेव्हा डोक्यात आलं, अरे, राग आलाय. आधी साखर.

सदऱ्याच्या खिशात कौसानं शिवून दिलेली पिशवी होती, त्यात साखरेची पुडी. हात इतके थरथरत होते की निम्मी सांडली. उरलेली जिभेखाली धरली, बाटलीतल्या पाण्याबरोबर गिळली, आणि घोंगडी अंथरून बसलो. मोबाईलवर मिनिटं मोजली. हळूहळू घंटी जवळ आली. हरणी जागची हललीही नव्हती. मी तसाच माघारी फिरलो, घरी येऊन भाकरी खाल्ली, आणि संध्याकाळी कौसाला सगळं कबूल केलं.

ती बाजाराची पिशवी रिकामी करत राहिली. मला वाटलं, परत नऊ दिवस. मग म्हणाली, "तुमच्या अंगाला आता मेंढराचा वास येत न्हाई."

"मंग?"

"मंग काय? शेजारी कुनीतरी परकंच हाय, आसं वाटतं. मला बी तुमी माळावर जायाला पायजेत. पन वापस यायला पायजेत." एवढं बोलून ती उठून गेली. तीस वर्षं ती त्या वासाच्या नावानं बोटं मोडत होती.

त्या दिवसानंतर मी वहीत खोटं लिहिलं नाही आणि एक वेळही चुकवली नाही. बिनसाखरेच्या चहाला मात्र अजून थू म्हणतो.

संक्रांतीच्या आधी

जानेवारीत बाईंनी वही चाळली, आकडे बघितले. म्हणाल्या, "जा काका. पण खिशात साखर, गळ्यात आजाराचं कार्ड, आणि बारा वाजता भाकरी म्हणजे बारा वाजता."

मी म्हणालो, "बाई, मेंढरं दोनला पाणी पितात."

"मग?"

त्यांना नियम ठाऊक होता, पहिल्याच दिवशी मी सांगितला होता. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "वडील असते तर त्यांना मी समजावलं असतं. ते नाहीत. आता तुम्हीच समजवा."

वैजनाथ म्हणाला होता, उद्या बघू, जमलं तर ठीक, नाहीतर व्यापाऱ्याला फोन करतो. म्हणजे एकच दिवस होता माझ्याकडं.

सकाळी पोट भरून खाऊन निघालो. वाघूर मी उघडली. शेरानं माझ्याभोवती इतक्या चकरा मारल्या की त्यालाच चक्कर आली असती. मेंढरांना काही पडलेलं नव्हतं, ती हरणीमागं निघाली. बांध, हिवराची झाडं, मग चढ. घंटी माझ्याबरोबर चालली होती, मागं राहिली नव्हती. एवढ्यावरच माझे डोळे भरले. गवत वाळलेलं, सीताफळीची झाडं बोडकी, सगळ्या डोंगराला वाळक्या पाल्याचा वास. अडीच महिने याच वासासाठी जीव तुटत होता आणि तो फुकट पसरलेला होता.

दहा वाजता मोबाईल वाजला. फुटाणे. त्याला हरकत नव्हती, भाकरी नाही ती.

बारा वाजता परत वाजला. मी बाभळीखाली बसलो, तीच बाभळ. फडकं मांडीवर घेतलं. कौसानं गाठ सैल बांधली होती. रोज घट्ट बांधते, आज मुद्दाम सैल. तरी माझी बोटं जाईनात. मेंढरं उन्हात माना खाली घालून उभी होती, तलाव अजून लांब. तान्हेलं जनावर समोर, आणि मी भाकरी सोडायची. आबा असते तर काय म्हणाले असते ते मला ठाऊक होतं, आणि म्हणूनच ते हवे होते. येऊन एक शिवी घातली असती तरी चाललं असतं.

मी बाटलीतलं पाणी ओंजळीत घेतलं आणि हरणीला हाक मारली. ती आली. ओंजळीला नाक लावलं, नाक ओलं केलं, आणि तोंड फिरवलं. तिला तहान नव्हती. तिनं सरळ फडक्यात तोंड घातलं आणि भाकरीची कड ओढली.

मला हसूही आलं आणि रडूही आलं. मोठ्यानं म्हणालो, "आबा, मी आदी खातोय." ओल्या हातानंच भाकरी मोडली, लसणाच्या चटणीबरोबर दोन्ही भाकऱ्या खाल्ल्या. रडत खाल्ल्या, पण खाल्ल्या. कुणी बघायला नव्हतं हे बरं झालं.

दोन वाजता मेंढरं तलावावर उतरली. गुडघे टेकून पाण्याला लागली. मी काठावर उभा राहून बघत होतो, आणि ध्यानात आलं की तीस वर्षांत मी त्यांना पाणी पिताना नीट बघितलंच नव्हतं. आजवर त्या वेळी माझं सगळं लक्ष फडक्याच्या गाठीवर असायचं. आज एकेक मेंढरू दिसलं. कोणतं पुढच्या पायानं लंगडतंय, कोणतं पाण्याला तोंड लावत नाही. मोजली तर पहिल्याच झटक्यात बरोबर भरली, माझ्यासारख्या नापासाला.

तेवढ्यात कौसाचा फोन आला. "खाल्लं का?"

"खाल्लं."

"खरं?"

"खरं."

"मी हुंगून बगनार हाय," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दिवस मावळायच्या आत मेंढरं वाघुरात घातली. वैजनाथ ओट्यावर बसला होता. त्यानं मेंढरांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि खिशातली टेम्पोची चावी काढून हातात खेळवायला लागला. व्यापाऱ्याचं नाव काढलं नाही.

कौसा दारात होती. मी जाऊन तिच्यापुढं उभा राहिलो.

"हुंग."

"आवो, भाऊजी बगायलेत."

"बगू दे. तवा तर चार मानसं होती."

तिनं पदर सावरला, जवळ आली आणि माझ्या तोंडाला नाक लावलं.

"लसनाची चटनी," ती म्हणाली. मग माझ्या खांद्यावरच्या घोंगडीत तोंड खुपसलं आणि तिथंच थांबली. "आन मेंढरं."